फ्रेंच परफ्यूमच्या जाहिरातीतला श्लेष इंग्रजीत नेताना

फ्रेंच परफ्यूम आणि सौंदर्यप्रसाधनांचा जाहिरात-मजकूर इंग्रजीत आणण्याचे काम आले, की अनुवादकाचा हात सवयीने शब्दकोशाकडे जातो. शब्दखेळाच्या ओळींपुरती ही सवय मोडावी लागते. त्या ओळीतला खेळ विक्रीसाठी नेमके कोणते काम करतो आहे, हे आधी एका वाक्यात आपल्याच शब्दांत कागदावर लिहून काढावे: तो ब्रँडचे नाव कानात बसवतो, बाटलीतल्या एखाद्या घटकाकडे बोट दाखवतो, मालाला थोडी धिटाई देतो, की वाचणाऱ्याला ‘मला कळले’ एवढेच सुख देतो. हे वाक्य लिहिता आले नाही, तर मूळ ओळ अजून उलगडलेली नाही असे समजावे. फ्रेंच शब्द तसेच ठेवायचे, इंग्रजीत नवा खेळ रचायचा, की खेळ सोडून साधे पण नेटके वाक्य द्यायचे, हे पुढचे सारे निर्णय त्या एका वाक्यावरून ठरतात. मूळ ओळीचे काम इंग्रजीत होत असेल, तर तिच्यातला एकही शब्द उरला नाही तरी बिघडत नाही.

नाव वेगळे, नावाखालची ओळ वेगळी

बाटलीवरचे नाव हा ट्रेडमार्क असतो आणि आज तो बहुधा सगळीकडे एकच राहतो, त्यामुळे त्याचा अनुवाद सहसा आपल्याकडे येत नाही. पूर्वी हे इतके पक्के नव्हते. बुर्ज्वा कंपनीचे १९२८ सालचे ‘स्वार द पारी’ अमेरिकेत ‘ईव्हनिंग इन पॅरिस’ या नावाने खपले आणि लांव्हांचे ‘मों पेशे’, म्हणजे ‘माझे पाप’, तिकडे ‘माय सिन’ झाले. आता मात्र नाव फ्रेंचच राहते, आणि त्यातला अर्थ इंग्रजी वाचकापर्यंत पोचवण्याची जबाबदारी घोषवाक्यावर आणि मजकुरावर येऊन पडते.

नीना रीचीचे १९४८ सालचे ‘लेर द्यू तां’ घ्या. फ्रेंचमध्ये हा रुळलेला वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ त्या-त्या काळात सर्वत्र भरून राहिलेला कल असा होतो. पण त्यातला ‘एर’ म्हणजे हवा, आणि सुगंधाच्या बाटलीवर आल्यावर ती हवा अक्षरशः दरवळू लागते. ‘स्पिरिट ऑफ द टाइम्स’ म्हटले तर अर्थ येतो आणि हवा निघून जाते. मजकुरात ‘इन द एअर’ हा इंग्रजी वाक्प्रचार कुठेतरी बसवला, तर काळाचा कल आणि दरवळ दोन्ही एका झटक्यात मिळतात, आणि नावाला हातही लावावा लागत नाही. नावात जे हरवते ते दुसऱ्या ओळीत भरून काढणे, हीच या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती आहे.

इंग्रजी वाचकाला कोणते फ्रेंच शब्द आधीच ठाऊक असतात याचा अंदाज हाताशी असू द्यावा. ‘आमूर’ (प्रेम), ‘रूज’ (लाल), ‘न्वार’ (काळा) आणि परफ्यूमच्या संदर्भात ‘ओ’ (पाणी) हे शब्द त्याला परके नाहीत. ‘बेल’ (सुंदर) तर ‘बेल ऑफ द बॉल’मुळे इंग्रजीतच राहायला आलेला आहे, त्यामुळे लांकोमच्या २०१२ सालच्या ‘ला व्ही ए बेल’मधले आयुष्याचे स्त्रीलिंगी सौंदर्य त्याला अर्धेमुर्धे तरी जाणवते. अशा नावाखाली ‘लाइफ इज ब्यूटिफुल’ असे छापणे म्हणजे जे कळले आहे तेच पुन्हा सांगणे होय.

दिसायला सारखे पण वजनाला वेगळे असे शब्द जास्त घातक असतात. शनेलच्या ‘शांस’मध्ये फ्रेंच वाचकाला आधी नशीब दिसते, इंग्रजी वाचकाला त्याच अक्षरांत शक्यता किंवा संधी दिसते, तेव्हा नशिबाचा धागा ‘लक’ किंवा ‘फॉर्च्युन’च्या रूपाने मजकुरात आपल्यालाच आणावा लागतो. न्यूक्सच्या तेलाच्या नावातले ‘प्रोदिजियझ’ फ्रेंचमध्ये चमत्कारिक गुण सुचवते, तर इंग्रजीतले ‘प्रोडिजस’ अवाढव्य आकार सुचवते. ‘सोवाज’चे प्रकरण आणखी गंभीर आहे. फ्रेंचमध्ये रानफूलही ‘सोवाज’ आणि माणसांत न मिसळणारा लाजरा माणूसही ‘सोवाज’. इंग्रजीतल्या ‘सॅव्हेज’ला मात्र क्रौर्याचा वास आहे आणि वसाहतकाळात मूळ रहिवाशांना दिलेल्या शिवीचा डाग आहे. डिओरने २०१९ मध्ये याच नावाच्या परफ्यूमसाठी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या नृत्याची दृश्ये असलेली जाहिरात प्रसिद्ध केली, तेव्हा टीका इतकी झाली की ती मागे घ्यावी लागली. फ्रेंच नाव, इंग्रजी कान आणि चित्र या तिन्हींचा एकत्र परिणाम काय होईल, हे अनुवादकाने विचारायलाच हवे, जरी चित्र त्याच्या कामाच्या कक्षेत नसले तरी. मजकुरात इथे ‘वाइल्ड’ किंवा ‘अनटेम्ड’ वापरावे आणि ‘सॅव्हेज’च्या वाटेला जाऊ नये.

श्लेषाची जात

सभंग आणि अभंग श्लेष ही आपल्याकडची जुनी विभागणी इथे चांगली उपयोगी पडते. शब्द न मोडता दोन अर्थ देत असेल, तर तसाच दुहेरी शब्द इंग्रजीत असण्याची थोडीफार आशा असते. शब्द वेगळ्या जागी तोडल्यावर दुसरा अर्थ निघत असेल, तर ती आशा जवळजवळ सोडावी आणि थेट नवी रचना करायला घ्यावी.

‘लेसांस’ हे सभंग श्लेषाचे सर्वांत झिजलेले उदाहरण आहे. एका तोडीने अर्क, दुसऱ्या तोडीने इंद्रिये, उच्चार मात्र तोच. इंग्रजीत ‘सेंट’ आणि ‘सेन्स’ हे जवळचे जोडीदार सुदैवाने तयार आहेत. ते अगदी समोच्चारी नसले तरी मूळ खेळ फ्रेंचमध्येच इतका वापरून झालेला आहे की इंग्रजीत त्यासाठी घाम गाळण्याचे कारण नाही. दोन्ही शब्द एका वाक्यात अनुप्रासासारखे आले की पुरे.

काही खेळ अक्षरांत असतात, आणि ते तसेच सोडून देण्यात शहाणपण आहे. जिव्हांशीचे १९९१ सालचे ‘आमारीज’ हे नाव ‘मारियाज’ म्हणजे विवाह या शब्दाची अक्षरे उलटसुलट करून बनवले आहे. इंग्रजी ‘मॅरेज’मध्ये एक ‘आर’ जास्त असल्यामुळे तीच अक्षरे इंग्रजी वाचकाला जुळवता येत नाहीत. मजकुरात ‘व्हाऊ’ (लग्नातले वचन) किंवा ‘बुके’ असा एखादा लग्नघरातला शब्द पेरावा आणि पुढे जावे. इव्ह सां लोरांच्या ‘इव्रेस’चेही तसेच. १९९३ मध्ये हे परफ्यूम ‘शांपान्य’ या नावाने आले होते, शांपेन उत्पादक फ्रान्समध्ये न्यायालयात गेले आणि जिंकले, आणि पुढे त्याच परफ्यूमला हे नाव मिळाले: ‘इव्रेस’ म्हणजे धुंदी, पण पहिले अक्षर ‘आय’ऐवजी ‘वाय’, म्हणजे संस्थापकाच्या नावातले. शांपेन गेली तरी नशा राहिली, हा त्यातला टोमणा इंग्रजी वाचकाला ती कथा माहीत असल्याशिवाय कळणार नाही.

लांकोमचे १९६९ सालचे ‘ओ द लांकोम’ तर एका अक्षरात तीन कामे करते. डोक्यावर टोपीसारखे चिन्ह असलेले ते ‘ओ’ पाण्यासाठीच्या फ्रेंच शब्दासारखे ऐकू येते, कवितेतल्या संबोधनाचे ‘ओ’ म्हणूनही वाचता येते, आणि कंपनीच्या स्वतःच्या नावातले टोपीवाले अक्षरही तेच. हीच टोपी पुढे कंपनीने ‘इप्नोझ’ आणि ‘इदोल’ या नावांवरही चढवली, जरी त्या शब्दांच्या फ्रेंच शुद्धलेखनात ती नाही. इंग्रजीत ‘ओह’ने उद्गार मिळतो, ‘एच-टू-ओ’च्या आठवणीने पाणीही मिळते, पण प्रयोगशाळेचा वास असलेले ते सूत्र या दर्जाच्या बाटलीशेजारी शोभत नाही. उद्गारावर समाधान मानावे.

सर्ज ल्युतांस यांचे २००९ सालचे ‘फीय आं नेग्वीय’ हे मात्र थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात अभंग श्लेष आणि मोडलेला वाक्प्रचार एकावर एक रचलेले आहेत. ‘फीय’ म्हणजे मुलगी. ‘एग्वीय’ म्हणजे सुई. पण उंच निमुळत्या टाचांच्या चपलांनाही फ्रेंचमध्ये सुईच्या टाचा म्हणतात, आणि पाइनच्या झाडाची पानेही सुयाच. त्यामुळे बाटलीवर एक मुलगी टाचा वाजवत उभी राहते आणि बाटलीतून पाइनचा वास येतो. शिवाय ‘द फील आं नेग्वीय’, म्हणजे एकातून एक निघत जाणे, हा रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे, आणि त्यातल्या ‘फील’चे, दोऱ्याचे, फक्त एका ध्वनीने ‘फीय’ झाले आहे. इंग्रजीत सुईला टाच जोडता येत नाही, कारण तिकडे ती टाच इटालियन खंजिराच्या नावाने ओळखली जाते. पाइनच्या पानांना मात्र ‘नीडल्स’ म्हणतातच. वाक्प्रचारासाठी ‘वन थिंग लेड टू अनदर’ आहे, आणि त्यात सूचक शृंगार फ्रेंचपेक्षाही जास्त आहे. म्हणून नाव फ्रेंच ठेवून खाली ‘स्टिलेटोज. पाइन नीडल्स. वन थिंग लीड्स टू अनदर.’ अशी तीन तुकड्यांची ओळ देता येईल. श्लेष सुटला, पण तीनही अर्थ आले आणि शेवटच्या तुकड्याने मूळचा खट्याळपणाही सांभाळला.

उलट प्रकारची अडचण केंझोच्या १९८८ सालच्या ‘सा सां बो’मध्ये आहे. वास चांगला येतो हे सांगताना फ्रेंच माणूस ‘सा सां बों’ म्हणतो. अनुनासिक काढला की ‘बों’चे ‘बो’ होते, म्हणजे ‘चांगला’चे ‘सुंदर’ होते, आणि व्याकरण किंचित अडखळते. त्या अडखळण्यातच गंमत आहे. इंग्रजीत ‘इट स्मेल्स ब्यूटिफुल’ हे पूर्णपणे बरोबर, रोजचे, निर्जीव वाक्य आहे. शब्दशः अनुवाद निर्दोष झाला आणि नेमका त्यामुळेच खेळ मेला, असे हे विरळ उदाहरण. इथे इंग्रजीलाही तेवढीच लहानशी ठेच लावावी लागते: ‘स्मेल्स लाइक ब्यूटिफुल’ म्हटले की विशेषण नामाच्या जागी बसते, कान क्षणभर दचकतो, आणि अर्थ तरीही लागतो. ठेच मूळ ओळीपेक्षा मोठी लागणार नाही, एवढे पाहावे.

कधी कधी दैव साथ देते. बुर्ज्वा कंपनीच्या नावात ‘जी’ऐवजी ‘जे’ आहे आणि तिची जुनी ओळ सांगते की हा ‘जे’ म्हणजे ‘ज्वा’चा, आनंदाचा ‘जे’. इंग्रजी ‘जॉय’ही त्याच अक्षराने सुरू होतो, त्यामुळे ‘विथ अ जे फॉर जॉय’ म्हणून मोकळे व्हावे आणि उगाच जास्त हुशारी करू नये. ‘ब्यां दां सा पो’ आणि ‘कम्फर्टेबल इन युअर ओन स्किन’ हीदेखील अशीच आयती जोडी. केस चार भागांत चिरण्याचा फ्रेंच वाक्प्रचार आणि इंग्रजीतले ‘स्प्लिटिंग हेअर्स’ यांचाही मेळ बसतो. दुभंगलेल्या टोकांसाठीच्या शाम्पूला तर इंग्रजीत तो फ्रेंचपेक्षा जास्त चपखल बसतो, कारण तिथे ‘स्प्लिट एंड्स’ आधीच हजर आहेत.

इंग्रजीचा स्वभाव

केशकर्तनालयांच्या पाट्यांवर दोन्ही भाषा सारख्याच बेताल आहेत: फ्रान्समध्ये ‘इमाजिनेर’ (काल्पनिक) या शब्दाच्या शेपटाला इंग्रजी ‘हेअर’ चिकटवतात, तर इंग्रजी देशांत ‘कर्ल अप अँड डाय’ असे लिहून ‘मरणे’चे स्पेलिंग ‘रंगवणे’चे करतात. फरक पडतो तो महागड्या बाटलीपाशी. फ्रेंच चैनीच्या मालाला उघड शब्दखेळ शोभून दिसतो, त्याला साहित्याचा वारसा आहे. जां पॉल गोतिये यांनी २००७ मध्ये ‘फ्लर द्यू माल’ काढले, तेव्हा नर आणि पाप या दोन शब्दांच्या सारख्या उच्चारातून फ्रेंच कवी बोदलेरचा ‘ले फ्लर द्यू माल’ (पापाची फुले) हा १८५७ सालचा कवितासंग्रह थेट आठवत होता. इंग्रजी वाचकाला मात्र श्लेष म्हटले की टॅब्लॉइडचे मथळे आठवतात. फ्रेंचमध्ये जो श्लेष वाटतो तोच इंग्रजीत कोटी वाटतो, आणि कोटीने बाटलीची किंमत उतरते. म्हणून माझा सल्ला असा, की शाम्पू, शॉवर जेल, लिप बाम यांच्या ओळींत इंग्रजी शब्दखेळ मोकळेपणाने करावा. परफ्यूम आणि महागड्या क्रीममध्ये तो निम्म्यावर आणावा आणि उरलेले काम लयीवर, अनुप्रासावर आणि दबक्या दुहेरी शब्दांवर सोपवावे.

अशा दबक्या शब्दांचा साठा प्रत्येकाने आपापला करावा. ‘नोट’ संगीतातलीही आणि सुगंधातलीही. ‘वेअर’ कपड्यासाठीही आणि परफ्यूमसाठीही. ‘फाउंडेशन’, ‘ब्लश’, ‘शेड’, ‘लिफ्ट’, ‘कॉम्पॅक्ट’ सगळे दुहेरी. फ्रेंच परफ्यूम-व्यवसायात माणूस गेल्यावर मागे राहणाऱ्या दरवळाला ‘सियाज’ म्हणतात, जो मुळात जहाजामागे पाण्यात उमटणारा पट्टा आहे. इंग्रजीतल्या ‘वेक’मध्ये तोच पट्टा आहे आणि जागेपणही आहे, त्यामुळे ‘इन हर वेक’ ही तीन शब्दांची जोड फार पुढे नेते. चेहऱ्यावरच्या टवटवीला फ्रेंचमध्ये ‘बॉन मीन’ म्हणतात, आणि ‘मीन’ म्हणजे पेन्सिलीतले शिसेही. भुवईच्या पेन्सिलीच्या जाहिरातीत हा श्लेष आला, तर ‘हेल्दी ग्लो’ हा नेहमीचा पर्याय निरुपयोगी ठरतो, पण ‘लुक शार्प’ चालून जातो, कारण त्यात ऐटबाज दिसणे आहे आणि टोक केलेली पेन्सिलही आहे.

एक ओळ, पहिल्यापासून

समजा, शॉवर जेलच्या बाटलीवर ‘फेत-व्हू मूसे’ अशी ओळ आहे. शब्दशः अर्थ ‘स्वतःला फेस आणवा’. वाक्प्रचार म्हणून अर्थ ‘स्वतःची टिमकी वाजवा’. खेळाचे काम दुहेरी दिसते: फेस भरपूर येतो हे सांगणे, आणि आंघोळ करणाऱ्याला थोडे मिरवण्याची परवानगी देणे. स्वर खेळकर, आज्ञार्थी, आपुलकीचा.

पहिला मोह ‘गेट इन अ लॅदर’चा होतो, कारण त्यात फेस आहे. पण इंग्रजीत त्याचा अर्थ चिडचिड करणे, घाबरेघुबरे होणे असा आहे, म्हणजे शब्द मिळाला आणि भावना उलटी झाली. तो बाद. मग टिमकीच्या बाजूने जावे: ब्रिटनमध्ये ‘ब्लो युअर ओन ट्रम्पेट’ म्हणतात, त्यातून ‘ब्लो युअर ओन बबल्स’ सहज निघते. ओळ गोड आहे, परंतु अमेरिकेत लोक ट्रम्पेटऐवजी ‘टूट युअर ओन हॉर्न’ म्हणतात, त्यामुळे तिकडे खेळाचा आधारच निखळतो. शिवाय बुडबुडे फुंकणे लहान मुलांच्या मालाकडे झुकते. तिसऱ्या वाटेने, न्हाणीघरातलीच एखादी ठरीव इंग्रजी ओळ आहे का हे पाहावे. शाम्पूच्या बाटलीवरच्या सूचनेतून आलेले ‘लॅदर, रिन्स, रिपीट’ सगळ्यांच्या तोंडी असते, आणि त्यातला पहिला शब्द बदलला की ‘ब्रॅग. रिन्स. रिपीट.’ तयार होते. फेस प्रत्यक्ष बोललेला नाही, पण वगळलेल्या शब्दात तो वाचकाच्या डोक्यात येतोच. फुशारकी आली, आज्ञार्थ आला, आणि ओळ दोन्ही देशांत चालते. मूळ ओळीला जी एक सुरेख सैल ओढ आहे ती इथे तुटक झाली, हे मान्य करून ही ओळ पहिल्या क्रमांकावर ठेवावी.

दाव्याची बाजू

प्रसाधनांच्या बाबतीत श्लेषाला कायद्याचेही एक अंग आहे. ‘फेर पो नव्ह’, म्हणजे कात टाकणे, नव्याने सुरुवात करणे, हा फ्रेंच वाक्प्रचार त्वचेच्या सीरमवर वारंवार दिसतो. फ्रेंच वाचक तो लाक्षणिक अर्थाने घेतो, कारण वाक्प्रचार ओळखीचा आहे. इंग्रजीत ‘न्यू स्किन’ किंवा ‘ग्रो अ न्यू स्किन’ लिहिले की वाक्प्रचाराचे संरक्षण जाते आणि उरतो तो थेट दावा. युरोपीय संघात प्रसाधनांवरच्या दाव्यांना ६५५/२०१३ हा नियम लागू होतो आणि दाव्याला पुरावा लागतो. अमेरिकेत तर शरीराची रचना किंवा कार्य बदलण्याचा दावा केला, तर ते उत्पादन औषधाच्या व्याख्येत जाऊ शकते. सीरम वनस्पतिजन्य असेल तर ‘टर्न ओव्हर अ न्यू लीफ’ हा पर्याय सुरेख आहे: नवी सुरुवात आली, पान आले, आणि त्वचेबद्दल काहीच कबूल केले नाही. वनस्पतिजन्य नसेल तर हा खेळ सोडावा.

सोपवताना

क्लायंटला एकच ओळ कधीही पाठवू नये. दोन किंवा तीन पर्याय द्यावेत, प्रत्येकाखाली तो फ्रेंचमध्ये परत शब्दशः कसा वाचला जाईल हे लिहावे, काय राहिले आणि काय गेले ते दोन ओळींत सांगावे, आणि आपली पसंती स्पष्ट नोंदवावी. कारण निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे इंग्रजी बरेचदा श्लेष ओळखण्याइतके पक्के नसते आणि मग ती शब्दशः पर्यायच निवडते. मोबदला शब्दांवर ठरवू नये. तीन शब्दांच्या ओळीला अर्धा दिवस जातो आणि तो वेळ बिलात दिसायला हवा.

मूळ ओळ खरोखर फ्रेंचच आहे ना, हेही विचारून घ्यावे. लोरेआलची जगप्रसिद्ध ‘बिकॉज आय ॲम वर्थ इट’ ही ओळ १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये इलन स्पेक्ट यांनी इंग्रजीत लिहिली, आणि फ्रेंच रूप नंतरचे आहे. असे मूळ सापडले तर अनुवाद करण्याचा प्रश्नच उरत नाही. फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १९९४ च्या तूबों कायद्यामुळे परभाषेतल्या जाहिरातीला फ्रेंच अनुवाद जोडावा लागतो, त्यामुळे इंग्रजी घोषवाक्याखाली तारांकित फ्रेंच ओळ दिसली, तर कोणती आधीची हे उघड होते.

माल कॅनडात जाणार असेल तर खोक्यावर दोन्ही भाषा शेजारी शेजारी छापल्या जातात आणि दोन्ही वाचणारे ग्राहक भरपूर असतात. तिथे इंग्रजी ओळ फ्रेंचपासून इतकी लांब नेऊ नये की एकाच खोक्यावर दोन वेगवेगळी वचने दिल्यासारखे वाटेल, ‘ब्रॅग. रिन्स. रिपीट.’ तिथे निभावते, पाइनची तीन तुकड्यांची ओळ जागेअभावी निभावणार नाही. अंतिम ओळ ठरली की ती खोक्याच्या प्रत्यक्ष मापात टाइप केलेली पाहावी, मोठ्याने वाचावी, आणि क्लायंटच्या कायदा विभागाकडे ट्रेडमार्क शोधासाठी पाठवावी; चांगले इंग्रजी शब्दखेळ बहुधा आधीच कोणीतरी नोंदवलेले असतात, म्हणून दुसऱ्या क्रमांकाचा पर्यायही तितक्याच काळजीने लिहिलेला असावा.